चौथ्या डब्यापाशी पोटरी धरते तेव्हा

सकाळी पावणेनऊच्या सुमाराला ठाणे स्टेशनच्या पुलाखाली पाच मिनिटं उभं राहून बघा. लोंढ्यातून एखादा साठीचा माणूस मध्येच बाजूला होतो, खांबाला टेकतो, मोबाइल काढतो, दोन-तीन मिनिटं त्यात डोकं घालतो आणि पुन्हा चालू लागतो. मोबाइलवर काही आलेलं नसतं. पोटरी धरलेली असते. गोखले रोडवर हीच मंडळी दुकानाच्या काचेसमोर थांबतात, मंडईत भाव विचारत थांबतात. घ्यायचं काहीच नसतं. चारचौघांत पाय दुखतोय म्हणून थांबलो हे सांगणं जड जातं, आणि डॉक्टरांकडे गेल्यावरही हे लोक एवढंच म्हणतात, "थोडं चाललं की पाय भरून येतात."

या "थोडं"चं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. आणि मोजपट्टी तर समोरच उभी असते. लोकलचा एक डबा साधारण वीस-एकवीस मीटरचा, बारा डब्यांची गाडी अडीचशे मीटरच्या आसपास. ट्रान्स हार्बरच्या फलाटावर एका टोकाकडून निघालात तर पोटरी कितव्या डब्यापाशी धरायला लागली आणि कितव्या डब्यापाशी थांबावंच लागलं, हे दोन आकडे आयते मिळतात. "चौथ्या डब्यापाशी धरते, सातव्यापाशी पुढे पाऊल टाकवत नाही" असं एक वाक्य डॉक्टरांना सांगितलंत तर अर्धी केस पेपर भरली. पायांच्या धमन्यांच्या आजाराची फोंटेन नावाची जुनी वर्गवारी आहे, १९५४ पासूनची. तिच्यात दुसऱ्या पायरीचे, म्हणजे चालल्यावर पाय धरण्याच्या पायरीचे, दोन भाग पाडलेत ते २०० मीटरवर. आपल्या हिशेबात जवळजवळ दहा डबे. त्याच्या अलीकडे थांबावं लागत असेल तर आजार पुढच्या भागात गेला असं समजतात.

आजाराचं नाव पेरिफेरल आर्टरी डिसीज, बोलताना पीएडी. आपल्याकडे "पायातलं ब्लॉकेज" म्हणतात, तेही ठीक आहे. चालल्यावर पोटरी धरणं आणि थांबल्यावर सुटणं या लक्षणाला डॉक्टर क्लॉडिकेशन म्हणतात. लॅटिनमधल्या लंगडण्याच्या शब्दावरून आलेलं हे नाव. गंमत अशी की, याचं पहिलं नीट वर्णन १८३१ साली बुले नावाच्या फ्रेंच पशुवैद्यानं एका घोड्यात केलं. धावताना लंगडणारा, थांबला की ठीक होणारा घोडा. माणसाची पाळी १८५८ मध्ये शार्को या फ्रेंच डॉक्टरनं आणली.

पाय दुखण्याची कारणं छप्पन असतात, म्हणून आधी ओळख. रक्त कमी पडल्यानं येणारं दुखणं घड्याळासारखं वागतं. ठरावीक अंतर चाललं की धरतं, नुसतं उभं राहिलं तरी दोन ते पाच मिनिटांत सुटतं, पुन्हा तितकंच चाललं की पुन्हा धरतं. मणक्यातली नस दबल्यानं पाय दुखत असतील तर उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. असा माणूस सुपरमार्केटमध्ये ट्रॉलीवर ओणवून अर्धा तास आरामात फिरतो, हातात ट्रॉली नसली की गेटपर्यंत पोचत नाही. व्हेरिकोजचा (फुगलेल्या शिरांचा) पाय संध्याकाळी जड होतो आणि उशीवर ठेवला की हलका वाटतो. गुडघ्याचं दुखणं उठल्यावरच्या पहिल्या पावलांत आणि जिना उतरताना जास्त. साठीनंतर यातली दोन-तीन कारणं एकाच पायात सुखानं नांदतात, त्यामुळे "माझं गुडघ्याचंच आहे" हे स्वतःच ठरवू नका.

कुठे दुखतं त्यावरून अडथळा साधारण कुठे आहे तेही कळतं. दुखणं नेहमी अडथळ्याच्या खालच्या स्नायूत येतं. पोटरी धरत असेल तर बहुतेक मांडीतली धमनी. कुल्ले आणि मांड्या धरत असतील तर पोटातून उतरणारी महाधमनी जिथे दोन पायांत फुटते त्याच्या आसपास; अशा पुरुषांना लैंगिक ताठरतेची तक्रारही असते आणि ते ती पायांच्या डॉक्टरांना कधीच सांगत नाहीत. सांगा, निदानाला उपयोग होतो. मधुमेहात मात्र गुडघ्याखालच्या बारीक धमन्या जास्त खराब होतात, त्यात नसाही बधिर झालेल्या. त्यामुळे पोटरी धरण्याची पायरीच येत नाही, थेट अंगठ्यावरची न भरणारी जखमच दिसते. शुगरवाल्यांनी "मला चालताना काही होत नाही" यावर निर्धास्त राहू नये ते एवढ्यासाठी.

घरच्या घरी नाडी बघता येते. पायाचा अंगठा वर उचलला की पावलावर एक दोरीसारखी शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूचा कंडरा) ताणून उभी राहते, तिच्या बाहेरच्या अंगाला, पावलाच्या मधोमध दोन बोटं हलकी ठेवा. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या हाडामागे, हाड आणि टाच यांच्या मधल्या खळग्यात. बोटं दाबून धरलीत तर आपल्याच बोटांची नाडी लागते, ही नेहमीची चूक. पावलावरची नाडी काही धडधाकट माणसांतही जन्मापासून लागत नाही, तेवढ्यावर घाबरू नका. घोट्यामागची लागत नसेल तर मात्र तपासणी करून घ्या.

ती तपासणी म्हणजे एबीआय. घोट्याचं वरचं बीपी भागिले दंडाचं वरचं बीपी. दंडाचं १४०, घोट्याचं ८४, तर ०.६०. ०.९० किंवा त्याखाली आलं तर पीएडी, १.०० ते १.४० ठीक, मधले काठावरचे. १.४० च्या वर गेलं तर खूश होऊ नका. धमनीच्या भिंतीत चुना साचून ती कडक झाली आहे, पट्ट्यानं दबतच नाही, म्हणून खोटा मोठा आकडा येतो. जुना मधुमेह आणि किडनीचा आजार असणाऱ्यांत हे हमखास दिसतं, तेव्हा पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घ्यावं लागतं आणि तिथे ०.७० ही रेघ धरतात.

एबीआय करायला सोपं आहे आणि बिघडवायलाही सोपं. रुग्ण पाच-दहा मिनिटं आडवा पडलेला हवा. बसवून घेतलं तर घोट्याचा आकडा उगाच वर जातो, कारण पाय हृदयाच्या खाली लोंबतात. दोन्ही दंडांचं घेऊन त्यातलं मोठं धरायचं, प्रत्येक घोट्याच्या दोन्ही धमन्यांचं घ्यायचं, आणि स्टेथोस्कोपऐवजी हातात धरायच्या छोट्या डॉपलर यंत्रानं, रक्त वाहण्याचा तो फसफस आवाज ऐकत. आरोग्य शिबिरात खुर्चीवर बसवून साध्या ऑटोमॅटिक मशीननं काढलेल्या आकड्यावर फार विसंबू नये असं माझं मत. आणखी एक: कुल्ला-मांडी धरणाऱ्या काहींचा आडवं पडून घेतलेला एबीआय चक्क ठीक येतो. त्यांना चालवून लगेच पुन्हा मोजलं की घोट्याचं प्रेशर धाडकन खाली येतं. रिपोर्ट नॉर्मल, तक्रार खरी, असं असेल तर "चालवून बघता का?" हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

धाडकन का येतं? सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतून येणारा पाइप निम्मा गंजून बुजला आहे असं धरा. दुपारी एकच नळ सुरू असतो तेव्हा पाणी बरं येतं. सकाळी सात वाजता सगळ्यांनी नळ सोडले की वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार. चालताना पोटरीच्या स्नायूला बसल्याजागेपेक्षा कितीतरी पट रक्त लागतं, अरुंद जागेतून ते जाईपर्यंत प्रेशर संपतं, आणि स्नायू प्राणवायूवाचून कळवळतो. कळ येते ती याची.

इथपर्यंत ऐकलं की घरचे म्हणतात, मग चालू नका, कशाला पायाला त्रास. आणि इथेच सगळं फिसकटतं. ही कळ स्नायू फाटल्याची नसते, धमनी फुटायची तर नसतेच नसते. जखम नाही, रात्री झोपेत पाय दुखत नाही, अशा माणसानं त्या कळेपर्यंत चालणं हाच उपचार आहे. १९६६ साली लार्सन आणि लासेन या डॅनिश डॉक्टरांनी चिठ्ठ्या टाकून गट पाडून हे पहिल्यांदा तपासलं, तेव्हापासून पुरावा एकाच दिशेला साचत आलाय. २०१२ च्या क्लेव्हर चाचणीत तर पोटातल्या-कंबरेतल्या धमनीत अडथळा असलेल्या १११ जणांत सहा महिन्यांनंतर ट्रेडमिलवरची चालायची वेळ स्टेंट घातलेल्यांपेक्षा देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांची जास्त वाढली. (आपलं बरं चाललंय असं वाटण्यात मात्र स्टेंटवाले पुढे होते, तेही सांगायला हवं.)

चालून ब्लॉकेज विरघळतं का? नाही. तसं सांगणारा काढा, पट्टा किंवा यंत्र विकत असेल तर पाकीट खिशात ठेवा. मग काय सुधारतं? धमनीच्या आत एक पेशीएवढ्या जाडीचं अस्तर असतं, एंडोथेलियम. रक्त वेगानं वाहतं तेव्हा ते या अस्तराला घासत जातं, आणि त्या घासण्याला उत्तर म्हणून अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, धमनी सैल होऊन रुंदावते. हा वायू शरीरात असं काम करतो या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. पीएडीत हे अस्तर आळसावलेलं असतं, आणि फक्त पायातच नव्हे, हृदयात, मेंदूत, हातातसुद्धा. म्हणून तर संशोधक ते हातात मोजतात: हातावर पट्टा पाच मिनिटं करकचून फुगवायचा, सोडायचा, आणि रक्ताचा लोंढा आल्यावर बाहूची धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर बघायचं. पीएडी असलेल्यांमध्ये दिवसभराची हालचाल ज्यांची जास्त, त्यांची धमनी जास्त रुंदावते असं अशा मोजणीत आढळलंय. अर्थात ज्यांच्या धमन्या बऱ्या तेच जास्त हिंडू शकतात, हेही त्यात मिसळलेलं असणार. पण नियमित चालण्यानं आणखीही बरंच घडतं. पोटरीत बारीक केशवाहिन्या वाढतात, स्नायूपेशींतली ऊर्जा बनवणारी यंत्रणा मिळेल तेवढ्या प्राणवायूत जास्त काम काढायला शिकते, आणि चाल सुधारून तेवढ्याच अंतराला कमी शक्ती लागते.

आता चालायचं कसं ते. आठवड्यातून किमान तीन दिवस, किमान १२ आठवडे. सपाट जागा. कळ तीन ते पाच मिनिटांत सुरू व्हावी असा वेग. कळ सुरू झाली म्हणून थांबायचं नाही. ती बऱ्यापैकी जोरात येईपर्यंत चालायचं. चारपैकी गुण द्यायचे म्हटले तर एक म्हणजे नुसती जाणीव, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे बोलता बोलता वाक्य तुटावं इतकी, चार म्हणजे असह्य. दोन-तीनच्या दरम्यान थांबा. चारपर्यंत नेऊ नका, कारण मग सुटायला दहा मिनिटं लागतात आणि दुसऱ्या दिवशी चप्पल घालायची इच्छा होत नाही. थांबलात की उभे राहा किंवा बाकावर बसा, कळ पूर्ण जाऊ द्या. अर्धवट गेलेली असताना निघालात तर पुढची फेरी दोनच मिनिटांत संपते. पूर्ण गेली की पुन्हा चाला. असं करत विश्रांतीसकट पहिल्या आठवड्यात पंधरा-वीस मिनिटं पुरे, मग दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवत ४५ पर्यंत न्या. थांबणं म्हणजे व्यायाम मोडला असं बऱ्याच जणांना वाटतं. थांबणं व्यायामातच मोजलेलं आहे.

आठ-दहा मिनिटं चालूनही कळ येत नाही असा दिवस आला की वेग वाढवा, किंवा थोडा चढ घ्या. सोसायटीच्या जिममध्ये ट्रेडमिल असेल तर ताशी ३.२ किलोमीटर, चढ शून्य, इथून सुरुवात बहुतेकांना झेपते. पुढे वेग तोच ठेवून चढ एक-दोन टक्क्यांनी वाढवणं पायाला सोयीचं जातं. दांडा धरून चालू नका. अंगाचं वजन हातांवर जातं, पोटरीला काम कमी पडतं, आकडा फुगतो आणि रस्त्यावर उतरल्यावर तो आकडा कुठेच दिसत नाही. तोल जात असेल तर बोटं नुसती टेकवा.

आणि आता आपली लाडकी शतपावली. जेवणानंतर अंगणात किंवा पॅसेजमध्ये शंभर पावलं. रमतगमत टाकलेली शंभर पावलं म्हणजे साठ-सत्तर मीटर, तीन-साडेतीन डबे. जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवायला, तासन् तास बसणं मोडायला ती चांगलीच. पण पोटरीचा सराव म्हणून ती धरू नका. २०२१ च्या लाइट चाचणीत ३०५ रुग्णांना वर्षभर घरच्या घरी चालायला लावलं होतं. एका गटाला कळ येईल अशा वेगानं, दुसऱ्याला कळ येणार नाही अशा आरामशीर वेगानं, तिसऱ्याला काहीच व्यायाम नाही. सहा मिनिटांत चालून होणारं अंतर कळेपर्यंत चालणाऱ्यांचं सुमारे ३५ मीटरनं वाढलं. आरामशीर चालणारे व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा काही पुढे गेले नाहीत. वर्षभर चालून! म्हणजे "मी रोज चालतो, तरी फरक नाही" म्हणणारे खोटं बोलत नसतात, ते शतपावली करत असतात.

तरीही उरलेल्या तेवीस तासांचा हिशेब वेगळा ठेवायलाच हवा. अस्तराला बसणं सोसत नाही. तरुण, निरोगी मुलांना सलग काही तास खुर्चीत बसवलं तरी गुडघ्यामागच्या धमनीची रुंदावण्याची ताकद घसरते, आणि त्यानंतर दहा मिनिटं चाललं की ती परत येते. बसल्या बसल्या एक पाय अधूनमधून हलवत ठेवला तर त्या पायात ती घसरतच नाही. लहानपणी "पाय हलवू नकोस" म्हणून जी चापट बसायची ती, निदान धमन्यांच्या बाबतीत, अन्यायाचीच म्हणायची. पीएडी असलेल्यांच्या कंबरेला हालचाल मोजणारं यंत्र लावून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जास्त हिंडते-फिरते लोक जास्त जगले असंही दिसलं होतं. घरात याचं रूप अगदी साधं असू द्या. अर्ध्या तासानं उठून गॅलरीपर्यंत जाऊन या. ओट्याशी उभं राहून कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत, ओट्याला हात टेकवून टाचा उचला-टेकवा, दहा-पंधराचे दोन-तीन डाव; पोटरी धरली की थांबा. नुसतं उभं राहणं यात मोजू नका, त्यात पोटरीचा पंप चालत नाही. मालिकेच्या जाहिराती, दुधाची पिशवी, खालच्या मजल्यावरचा मीटर बॉक्स, काहीही निमित्त चालतं. आयटीवाल्यांनी ऐरोली-महापेच्या बसमध्ये सीटखाली पाय हलवत ठेवावेत, कुणाला दिसत नाही.

जागा निवडताना गोल वाट निवडा, सरळ लांब नको. पाम बीच रोडसारख्या सरळ रस्त्यावर माणूस सकाळच्या थंडाव्यात जोमानं पुढे जातो आणि परतताना रिक्षा शोधतो. ठाण्यात कचराळी तलाव, तलावपाळी, उपवन. नवी मुंबईत नेरुळचं ज्वेल, वाशीचा सागर विहार, खारघरचं सेंट्रल पार्क, अशा ठिकाणी फेरी मारता येते, बसायला जागा मिळते, आणि अंतर दर वेळी तेच असल्यामुळे प्रगती कळते. येऊरचा चढ सुरुवातीच्या महिन्यात नको. चढावर पोटरीला दुपटीनं काम पडतं, सपाटीवर दहा डबे जाणारा माणूस तिथे चार-पाचात अडकतो. पुढे जायचंच झालं तर आधी चढा, परतताना उतार मिळू दे. घोडबंदर रोडच्या कडेनं अवजड गाड्यांच्या धुरात चालू नका. धूळ-धुराचे सूक्ष्म कण त्याच अस्तरावर वाईट परिणाम करतात ज्याच्यासाठी आपण चाललोय. पावसाळ्यात पोडियम, स्टिल्टचं पार्किंग, मॉल. चार महिने सुट्टी घेतलीत तर कमावलेलं अंतर बरंचसं परत जातं.

काहींना चालणं जमतच नाही, गुडघे साथ देत नाहीत. त्यांच्यासाठी हातानं फिरवायची सायकल हा खरा पर्याय आहे, चमत्कारिक वाटला तरी. हातांनी केलेल्या व्यायामानंही चालायचं अंतर वाढल्याचं चाचण्यांत दिसलंय, कारण हृदय आणि सगळ्या शरीरातलं अस्तर सुधारतं. फिजिओथेरपी सेंटरमध्ये ती सायकल बहुतेक असते, कोपऱ्यात, वर टॉवेल वाळत घातलेला.

एक सूचना, जी फार कमी ठिकाणी दिली जाते. पोटरी सातव्या डब्यापाशी थांबवत होती तोवर हृदयावर ताण येतच नव्हता. सातव्या-आठव्या आठवड्यात अंतर दुप्पट झालं की पहिल्यांदाच छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, धाप, असं काही होऊ शकतं. पायात ब्लॉकेज असणाऱ्यांच्या हृदयातही ते असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून सुरुवातीलाच ईसीजी आणि हृदयाचा सल्ला घ्या, आणि छातीत काही झालं तर चालणं तिथेच बंद. इन्सुलिन किंवा साखर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात ग्लुकोज किंवा चार साखरेचे खडे ठेवा; घाम, थरथर, गरगर आली की पोटरीचा विचार सोडून आधी ते तोंडात टाका.

औषधांबद्दल थोडक्यात, कारण ती डॉक्टरांनीच ठरवायची. रक्त पातळ ठेवणारी गोळी, ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, आणि स्टॅटिन, या हृदय-मेंदूच्या झटक्यापासून वाचवायला असतात. पाय बरा वाटला म्हणून त्या बंद करायच्या नसतात. सिलोस्टाझोल चालायचं अंतर वाढवते. ती जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा दोन तासांनी घ्यायची, सुरुवातीला डोकेदुखी-धडधड होते, आणि हार्ट फेल्युअर असणाऱ्याला ती चालत नाही. शेजारच्या काकांना लागू पडली म्हणून आणू नका. बिडी-सिगारेट चालू ठेवून बाकी काहीही केलं तरी बादलीला भोक ठेवून पाणी भरण्यासारखं आहे. कमी वयातच, चाळिशीच्या आत, सिगारेट-बिडी ओढणाऱ्याची बोटं काळी पडत असतील तर तो बर्गरचा आजार असू शकतो, आणि तिथे तंबाखू पूर्ण सोडणं याला दुसरा पर्यायच नाही. आजीची मशेरी डॉक्टरांच्या प्रश्नात बसत नाही, कारण "सिगारेट ओढता का" याला ती खरंच "नाही" म्हणते. तिच्यातर्फे तुम्ही सांगा.

पावलांची निगा हा निम्मा उपचार आहे. रोज रात्री उजेडात पाय बघा, तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. बोटांच्या बेचक्या आणि बायकांच्या जोडव्यांखालची त्वचा, ही दोन ठिकाणं हमखास सुटतात. जोडवी घट्ट झाली असतील तर काढून ठेवा, सौभाग्य कुठे जात नाही. पाय दुखतात म्हणून गरम पाण्यात मीठ टाकून बसणं, शेकायची पिशवी लावणं बंद. बधिर, रक्त कमी असलेल्या त्वचेला भाजलेलं कळत नाही आणि भाजलेलं भरतही नाही. कुरूप ब्लेडनं कापू नका, आणि मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून चिकटवू नका. तिच्यातलं आम्ल कुरूप आणि कातडी यांत भेद करत नाही. नवरात्रात अनवाणी राहण्याचं व्रत, मेच्या उन्हात देवळाच्या तापलेल्या फरशीवरची प्रदक्षिणा, हे यांनी करू नये. देवळात मोजे घालून गेलं तर कुणी हाकलत नाही. चप्पल मऊ रबराची (एमसीआर), मागे पट्टा असलेली. अंगठ्याची हवाई चप्पल बेचकीत घासते आणि बधिर पायातून निसटलेली कळतही नाही. पावसात बूट भिजले तर ऑफिसला पोचल्यावर मोजे बदला, बेचक्या कोरड्या करा, तेल-मलम बेचक्यांत नको.

पाय सुजतात म्हणून औषधाच्या दुकानातून घट्ट व्हेरिकोजचे मोजे आणून घालणं ही आणखी एक चूक. धमनीत आधीच रक्त कमी, वरून दाब. एबीआय पाहिल्याशिवाय असे मोजे घालू नयेत.

कळेपर्यंत चालण्याचा हा सगळा खटाटोप ज्यांनी करायचा नाही ते लोक असे: पावलावर, बोटावर जखम असलेले; बोटं काळी-निळी पडलेले; रात्री झोपेत पाऊल दुखून जाग येणारे आणि पाय पलंगाखाली लोंबता सोडला की बरं वाटणारे. पाय लोंबता सोडल्यावर बरं वाटणं ही वाईट खूण आहे, रक्त निव्वळ उतारावरून खाली जातंय. त्यांनी व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनची वेळ या आठवड्यातली घ्यावी, पुढच्या महिन्यातली नाही. आणि पाय एकाएकी गार, पांढराफटक, बधिर झाला, बोटं हलेनात, भयंकर दुखू लागलं, तर तेल चोळत बसू नका, शेक देऊ नका. हाताशी साधारण सहा तास असतात. १०८ ला फोन करा आणि जिथे व्हॅस्क्युलर सर्जन आहे अशाच हॉस्पिटलला जा. निघतानाच फोन करून विचारा, कारण दुसरीकडे पाठवण्यात दोन तास सहज जातात.

बाकीच्यांनी एक वही करावी. तारीख, कुठे चाललो, कळ कधी सुरू झाली, कधी थांबलो, किती फेऱ्या. बारा आठवड्यांनी पुन्हा एबीआय करून घेतला तर तो बहुतेक होता तिथेच असतो. ०.६० चा ०.६१ झालेला बघून बरेच जण हिरमुसतात आणि चालणं सोडतात. अडथळा तसाच आहे, तर त्यापुढचं प्रेशर कशाला बदलेल? फरक एबीआयच्या कागदावर शोधू नका. त्याच फलाटावर, त्याच टोकाकडून, त्याच चालीनं निघा, आणि पोटरी आता कितव्या डब्यापाशी धरते ते वहीत लिहा.